कवळीवालीचा कोरा रकाना

दात तयार करणाऱ्या माणसांच्या तोंडावर दिवसभर मास्क असतो. त्यामागे ती हसतायत की दातओठ खातायत, हे समोरच्याला कळत नाही. कवळीवालीला ही सोय फार आवडायची. विशेषतः संध्याकाळी पाच वाजता, फळ्यापुढे उभं राहायची वेळ आली की.

कवळीवाली हे तिच्या आळीने ठेवलेलं नाव. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, आणि त्या ठशावरून कवळी बनवणारा कारागीर कुठल्यातरी मागच्या खोलीत बसलेला असतो. ही त्यातली. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मुलीचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण आजी तिला ठकी म्हणायची आणि त्यामुळे सगळेच ठकी म्हणायचे. ठकी सात वर्षांची झाली तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, परदेशात एका कवळ्यांच्या कारखान्यात माणूस हवंय, तुझा हात चांगला आहे, जा. हिने आईच्या पदरात ठकीला घातलं आणि गेली.

अट सरळ होती. सहा महिने काम करून दाखवायचं. मालकाने पसंतीचं पत्र दिलं की ते कचेरीत दाखवायचं, म्हणजे मुलीला आणायची परवानगी मिळते. पत्र नाही तर परवानगी नाही, आणि मग ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत. म्हणून कवळीवाली तिथे कवळ्या करत नव्हती, ती पत्राची वाट बघत होती. कवळ्या मधल्या मधे होत होत्या.

कारखाना म्हणायचा, पण कामाच्या खोल्या तीनच, शिवाय मालकिणीची बसायची एक छोटी. पहिलीत प्लास्टर, दुसरीत मेण आणि दात, तिसरीत घासणं आणि पॉलिश. माणसं हिला धरून चार. मालकीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या आणि खिशात कायम पाच पेन्सिली बाळगणाऱ्या. पॉलिशवाला जाडगेला आणि बडबड्या. यंत्राच्या घरघरीपेक्षा मोठ्याने तो गाणी म्हणे, आणि ती गाणी यंत्राने बुडवली तर बरं असं सगळ्यांना वाटे. प्लास्टरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते. डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतून पेशंटच्या जबड्याचा हुबेहूब साचा काढणं हे त्यांचं काम, आणि ते एकतीस वर्षं ते करत होते. पहिल्या आठवड्यात हिच्या तोंडून त्यांना चुकून 'आजोबा' निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला, ऐकून दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "चालेल." तेव्हापासून ते आजोबा.

हिच्या भाड्याच्या खोलीची खिडकी लागत नव्हती, तर आजोबा एका रविवारी पेचकस घेऊन आले आणि कडी बसवून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. कवळीवाली आठवडाभर विचार करत होती, यांना माझ्याकडून नेमकं काय हवं असेल? कुणी विनाकारण चांगलं वागलं की आधी कारण शोधायचं, अशी तिची सवय. कारण सापडलं नाही, तेव्हा तिला उलट जास्तच काळजी वाटली.

आणि मग तो फळा. हात धुवायच्या बेसिनशेजारी भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर चार रकाने, प्रत्येकावर एकेकाचं नाव. पाच वाजता हात धुतले की प्रत्येकाने आपल्या रकान्यात आज केलेली चूक खडूने लिहायची. आपली स्वतःची, दुसऱ्याची नव्हे. मालकीणबाईसुद्धा लिहीत: दोन ठशांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या, दुपारी लक्षात आलं. पॉलिशवाला लिही: कडा जास्त घासली, परत भरावी लागली. आजोबा सुवाच्य अक्षरात लिहीत: प्लास्टर कालवताना बोलत बसलो, बुडबुडे राहिले. मग कॉफी पीत पाच मिनिटं त्यावर बोलणं होई. कुणी कुणावर ओरडत नसे. शनिवारी मालकीणबाई ओल्या फडक्याने फळा पुसत. पुसलं की संपलं.

कवळीवालीने पहिल्याच दिवशी ओळखलं की हा सापळा आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणि दातांच्या धंद्यात अकरा वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळत नसेल तर मग कुणाला कळायचं? तिच्या जुन्या मालकाकडे एका कारागिराने साचा फुटल्याचं भाबडेपणाने स्वतः जाऊन सांगितलं होतं. संध्याकाळी त्याचा डबा आणि चपला दाराबाहेर होत्या. तेव्हापासून तिथे सगळ्यांचं एकच ब्रीद होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हा कवळीवाली रोज पाच वाजता खडू घेई आणि आपल्या रकान्यात लिही: काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा: काही नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिने तेही सोडलं आणि रकाना कोराच ठेवू लागली. पॉलिशवाला म्हणायचा, "बाईंचा रकाना बघा, धुतल्या तांदळासारखा!" आजोबा कौतुकाने मान हलवत.  मालकीणबाई फक्त त्या कोऱ्या रकान्याकडे एकदा आणि हिच्याकडे एकदा बघत, आणि कवळीवाली मास्क आणखी वर ओढे.

असे पाच महिने गेले. पत्राला एक महिना उरला.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती घरी फोन करी. त्या दिवशी आईचा पारा चढलेला होता.

"त्या बोक्याने बरणी फोडली बघ! तुझ्या आजीच्या वेळची. कपाटावरून ढकलली मेल्याने. त्याला आता दूध बंद."

"जाऊ दे गं आई. ठकी कुठाय?"

ठकी फोनवर आली. एरवी तिला आवरावं लागे. पुढचा एक दात पडला होता, दुसरा हलत होता आणि तो रोज किती हलतो याचं सविस्तर वर्णन ती करायची. त्या दिवशी तिने नुसतं "हं, हं" केलं आणि फोन परत आजीकडे दिला.

ठकी आज गप्प का, हा विचार हातात साचा धरून करायचा नसतो. कवळीवालीने तो केला. वरच्या जबड्याचा, आजोबांनी आदल्या दिवशी ओतलेला, काचेसारखा गुळगुळीत साचा तिच्या हातातून निसटला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. मागच्या बाजूचा एक कोपरा सुपारीएवढा तुटून पडला. खोलीत कुणी नव्हतं. पलीकडे पॉलिशवाला गात होता.

बरोबर काय करायचं हे तिला माहीत होतं. डॉक्टरांना कळवायचं, पेशंटला परत बोलवायचं, नवा ठसा, नवा साचा. आणि संध्याकाळी फळ्यावर चार शब्द. तिने दाराकडे पाहिलं, तुटलेला कोपरा चिकटवला, वर ओलं प्लास्टर बोटाने फिरवलं आणि सुकल्यावर पॉलिश पेपरने रेघ घालवली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कोपरा एका केसाएवढा वर बसला होता, पण तोंडाला केसही कळतो. संध्याकाळी रकाना कोरा.

कवळी तयार झाली की ती काढताना आतला साचा फोडावाच लागतो. साचा फुटला, तुकडे कचऱ्यात गेले, पुरावा संपला. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

कवळी गेली त्यानंतर चार दिवसांनी पेशंट स्वतः कारखान्यात आला. गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा म्हातारा होता, सगळे त्याला बँडमास्तर म्हणत. काखेत पेटी, हातात कवळी. डॉक्टरांच्या परवानगीने आलोय म्हणाला, आणि इतका संकोचून उभा राहिला की जणू त्यानेच कुणाचं काही चोरलं होतं.

"मागे एका बाजूला टोचते आणि वाजवताना हलते. पण दोष माझाच असेल," तो म्हणाला. "मी फार जोरात फुंकतो. बायको म्हणतेच."

मालकीणबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "ठसा मीच घाईत घेतला असणार. त्या दिवशी गर्दी होती." पॉलिशवाला यंत्र बंद करून आला आणि म्हणाला, "माझ्याकडून आतून घासलं गेलं का बघा. मी नव्या ब्रशने करत होतो." मालकीणबाई म्हणाल्या, "जायच्या आधी शेवटची तपासणी माझी. मला दिसायला हवं होतं."

कवळीवाली आपल्या टेबलाशी उभी राहून हे ऐकत होती. तिच्या जुन्या मालकाकडे एखादी वस्तू बिघडली की बोटं दाही दिशांना वळत, फक्त स्वतःकडे सोडून. इथे मंडळी गुन्हा वाटून घ्यायला धावत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिने ऐकलं होतं. पण संन्यासीच रांग लावून उभे राहतात आणि चोर मास्क लावून मेणात दात बसवत असतो, हे पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी आजोबा आले. त्यांनी कवळी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, बोट आतून फिरवलं. मागच्या कोपऱ्याशी बोट थांबलं.

"इथे उंच आहे," ते म्हणाले. "हे प्लास्टरमधलं आहे. पाण्याचं माप चुकलं असेल, नाहीतर ठसा कडेला उचलला गेला असेल. हे माझं आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं: बँडमास्तरांचा साचा चुकला. माप चुकलं. का ते कळलं नाही.

ते शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ते खडू हातात धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. कवळीवालीने आपला रकाना कोरा ठेवला आणि कॉफी न पिता घरी गेली.

मग सुरू झाले ते नऊ दिवस. नवा ठसा आला तेव्हा आजोबा म्हणाले, "हा साचा तू ओत. मी बाजूला उभा राहतो." हिने ओतला. स्वतःच ओतला, स्वतःच सांभाळला, तान्हं बाळ न्यावं तसा दोन्ही हातांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला. नवी कवळी तयार झाली. मधल्या दिवसांत आजोबा प्रत्येक वेळी पाणी मोजून पुन्हा मोजत, चष्मा पुसत, दिव्याजवळ जाऊन माप बघत. जे काम ते डोळे मिटून करत, ते आता डोळे फाडून करत होते. फळ्यावरचं त्यांचं ते वाक्य शनिवारी पुसलं गेलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं नाही.

खाई त्याला खवखवे. पाचव्या दिवशी सकाळी कवळीवालीने आईला फोनवर सगळं सांगून टाकलं.

"गप्प बस अगदी," आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता चौदा दिवस राहिलेत पत्राला. पोरीचा विचार कर."

"पोरीचाच करतेय गं."

"त्या म्हाताऱ्याला कुणी रागावलंय का? कुणी काढलंय का? मग झालं तर."

मागून ठकीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. "आई, मग त्या आजोबांना वाटतंय का, की त्यांनीच केलं?"

"तू दात घास जा," आजी म्हणाली.

आठव्या दिवशी बँडमास्तर आला. कवळी बसवली, पेटी उघडली, आणि कारखान्याच्या मधल्या खोलीत उभं राहून त्याने अशी काही तान फुंकली की फळीवरचे मेणाचे जबडे थरथरले. पॉलिशवाला नाचला. मालकीणबाईंनी चक्क एक पेन्सिल हवेत फिरवली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि हिच्याकडे बघून म्हणाले, "बघ. तू ओतलास, बरोबर आला."

टाळ्या वाजवून ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, तिथे दारं लावायची पद्धत नव्हती. महिनाअखेरीला मी थांबतो, असं ते म्हणाले. एकदा चूक झाली असती तर हरकत नव्हती, पण का झाली ते कळत नाही म्हणजे हात गेले. दुसऱ्यांच्या तोंडाशी खेळ नको. मालकीणबाईंनी हातातली पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाल्या, "थोडं थांबून ठरवा." आजोबा म्हणाले, "ठरवलं."

नवव्या दिवशी सकाळी कवळीवालीच्या टेबलावर एक रबरी वाडगा आणि एक चपटा सुरा ठेवलेला होता. प्लास्टर कालवायची आजोबांची हत्यारं. वाडगा वापरून वापरून मऊ झालेला, सुऱ्याची लाकडी मूठ त्यांच्या अंगठ्याच्या खोलगटाने झिजलेली. कारखान्यात दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला तर आजोबा दिवसभर बोलत नसत.

"तुझ्यासाठी," आजोबा मागून म्हणाले. "माझे हात संपले आता. तुझे हात चांगले आहेत, पोरी."

तिने वाडगा उचलला. तो इतका हलका होता की तिला रडू फुटलं. मास्क होता म्हणून बरं. पण डोळ्यांना कुठे मास्क असतो? आजोबांना वाटलं, निरोपामुळे रडतेय. त्यांनी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि अवघडून प्लास्टरच्या खोलीत निघून गेले.

दिवसभर तिने काम केलं आणि दिवसभर मनात हिशेब मांडला. एका पारड्यात ठकी, तिचा हलता दात, विमानतळावरून धावत येणारे तिचे पाय. दुसऱ्या पारड्यात एका परक्या म्हाताऱ्याचे हात. कुणीही सांगेल काय जड. तिलाही माहीत होतं. तरी पाच वाजता तिने हात धुतले, खडू घेतला आणि आपल्या रकान्यात लिहायला लागली.

पाच महिने न वापरलेला रकाना. चार ओळींत भरला. परकी भाषा, धांदलीत अक्षर वाकडं, स्पेलिंग चुकतंय, पण ती थांबली नाही. बँडमास्तरांचा साचा माझ्या हातून पडला. कोपरा तुटला. मी चिकटवला. कुणाला सांगितलं नाही. आजोबांचं माप बरोबर होतं. जागा संपली तेव्हा ती शेजारच्या, आजोबांच्याच रकान्यात शिरली. आणि एकदा पोतडी उघडली तर सगळंच बाहेर पडलं: दुसऱ्या महिन्यात दातांचा रंग चुकला, तो मी गुपचूप बदलला. तिसऱ्या महिन्यात मेण सांडून ड्रॉवर खराब झाला, तो उंदरांवर ढकलला. उंदीर नाहीत.

"फळा नवा आणावा लागेल," पॉलिशवाला हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

आजोबा पुढे आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एक एक शब्द बोटाने धरत वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे पाण्याचं माप चुकलं नव्हतं?"

"नाही, आजोबा."

"साचा चांगला होता?"

"काचेसारखा होता. मी पाडला."

आजोबा स्टुलावर बसले. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले, उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले, बोटं मिटली, उघडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी तेच हात वापरले. मग एकदम त्यांचा चेहरा लाल झाला.

"नऊ दिवस!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "नऊ दिवस मी जेवलो नाही नीट! बायकोला सांगितलं, माझे हात गेले! ती रडली!"

कवळीवाली मान खाली घालून उभी राहिली. हे तिला कळत होतं. रागावणं ही तिच्या ओळखीची गोष्ट होती, आणि खरं तर ते ऐकून तिला हायसं वाटत होतं.

"माझा वाडगा कुठाय?" आजोबा गरजले.

तिने धावत जाऊन आणला. त्यांनी तो हिसकावून घेतला, सुरा घेतला, दोन्ही पोटाशी धरले आणि प्लास्टरच्या खोलीत निघून गेले. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "हात चांगले आहेत, ते मात्र खरं आहे." आणि गेले.

मालकीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. कवळीवाली मनाने केव्हाच बॅग भरून बसली होती.

"रोज पाच महिने मी तुमचा रकाना बघत होते," मालकीणबाई म्हणाल्या. "काम चांगलं, पण रकाना कोरा. जो कधीच चुकत नाही त्याचं काम तपासायचं कसं, मला कळत नव्हतं. पत्रात काय लिहू, तेही कळत नव्हतं."

"आता तर काहीच लिहू नका, बाई. मी समजले."

"आता लिहिता येईल," त्या म्हणाल्या. "जे झालं ते सगळं लिहीन. एकही शब्द गाळणार नाही."

दहा दिवसांनी पत्र हातात पडलं. कवळीवालीने ते बसमध्ये वाचलं. पत्रात होतं: या बाईंनी सहा महिन्यांत एकशे बारा कवळ्या केल्या. त्यातली एक स्वतःच्या चुकीने बिघडवली, ते लपवलं, आणि दुसरा माणूस त्यापायी नोकरी सोडत होता तेव्हा कुणी न विचारता सांगितलं. सांगितलं तर मुलीला आणता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं. तरी सांगितलं. मला या बाई माणूस म्हणून आणि कारागीर म्हणून हव्या आहेत.

हे कसलं शिफारसपत्र? आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलीच्या पायाला सहावं बोट आहे हे आधी सांगायचं, तसलं हे. पण आता बदलायला वेळ नव्हता.

कचेरीतल्या साहेबाने पत्र वाचलं, मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं.

"ही कवळीची गोष्ट खरी?"

"खरी."

"मग ती कवळी ज्याची होती, त्याचं काय झालं?"

"नवी करून दिली. ट्रम्पेट वाजवतो."

साहेब खुर्चीत मागे रेलला. "दिवसभर मी देवदूतांची पत्रं वाचतो," तो म्हणाला. "कुणी कधी चुकत नाही, कुणी कधी आजारी पडत नाही. आज पहिल्यांदा माणसाचं आलं." शिक्का मारताना त्याने आवाज खाली आणला. "तुमच्या कारखान्याचा पत्ता देऊन ठेवा. माझ्या आईची कवळी टोचते. ज्यांनी केली त्यांना विचारलं तर म्हणतात, आमचं काही चुकलेलं नाही."

दीड महिन्याने ठकी आली. विमानतळावर ती पळत वगैरे आली नाही. सामानाच्या गाडीमागे लपली, आणि आई जवळ आल्यावर तिचा पदर दोन्ही मुठींत इतका घट्ट धरला की तो घरी पोचेपर्यंत सुटला नाही. हलणारा दात प्रवासातच पडला होता, तो तिने कागदात गुंडाळून आणला होता. आई दातांचं काम करते, तर तिला दाखवायला नको?

सोमवारी शाळेला अवकाश होता म्हणून कवळीवालीने तिला कामावर नेलं. ठकीने सगळ्या खोल्या पाहिल्या, मेणाचे जबडे एकमेकांना चावायला लावले, आजोबांच्या वाडग्याला हात लावला, आणि आजोबा चक्क काही बोलले नाहीत. पाच वाजता सगळे फळ्याशी जमले. कवळीवालीने आपल्या रकान्यात लिहिलं: दोन दात उलट क्रमाने बसवले, दुपारी काढून परत लावले. आता ती रोज लिहायची. तिला फळ्याची इतकी सवय झाली होती की रविवारी चुकल्यासारखं व्हायचं.

ठकीने विचारलं, हे काय आहे? आईने सांगितलं. ठकीने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "मला एक हवा."

मालकीणबाईंनी न बोलता फळ्याच्या कडेला एक अरुंद रकाना आखला आणि तिला खडू दिला. ठकीने टाचा उंचावून, जीभ दातांच्या फटीतून बाहेर काढून, मोठ्या मराठी अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि खडू ठेवून आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय लिहिलंय?" पॉलिशवाल्याने विचारलं.

कवळीवालीने वाचलं. वाचून तिला आधी हसू आलं, मग तिने वळून ठकीकडे पाहिलं. तिने त्यांच्या भाषेत सांगितलं, "बरणी मी फोडली. बोक्याने नाही फोडली. आजीने त्याला चार दिवस दूध दिलं नाही."

आजोबा गुडघ्यांवर हात टेकून ठकीच्या उंचीएवढे वाकले आणि तिच्या तोंडाकडे बघत, अगदी कामाचं विचारावं तसं, म्हणाले, "बोक्याला सांगितलंस का?"

कवळीवालीने तो प्रश्न मराठीत करून सांगितला. ठकीने मान हलवली. नाही.

मग काय, सगळ्यांची कॉफी तशीच राहिली आणि घरी फोन लावला गेला. आजीला आधी काही उमजेना. मग उमजलं. झाकली मूठ वगैरे काही म्हणाली नाही. नुसतं "अगं बाई" म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "थांब, कोनाड्यात झोपलाय तो, उठवते."

पडद्यावर बोक्याचा एक कान आणि अर्धी मिशी दिसली. ठकीने फोन दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला आणि स्पष्ट आवाजात त्याला सगळं सांगितलं.